जर्मनचे चाक

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरात भांड्यांची परेड भरते. माळ्यावरून तांब्याचा बंब उतरतो. त्याच्यामागून पितळी डबे, समया, निरांजने, आणि ज्यात गेल्या पंचवीस वर्षांत भाताचे शीतही शिजले नाही असे आजीचे पातेले येते. चिंच आदल्या रात्रीच भिजत घातलेली असते. या परेडमध्ये धातूंची एक उतरंड असते आणि ती कोणी मोडत नाही. आधी देव्हाऱ्यातली चांदी, मग तांबे, मग पितळ. स्टेनलेस स्टीलला घासण्याचा मान नाही, त्याला नुसते विसळायचे. आणि सर्वांत शेवटी, मोरीच्या कडेला, उरलेल्या राखेचे धनी म्हणजे जर्मनची भांडी.

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम हे माझ्या पिढीला तरी सांगावे लागत नाही. खरे ‘जर्मन सिल्व्हर’ निराळेच. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. आमच्या बायकांनी मात्र ते नाव बिनदिक्कत ॲल्युमिनियमला देऊन टाकले आणि पुढे त्यातली चांदी गाळून नुसता जर्मन ठेवला. भाषेचा तास घेणारीने याबद्दल तक्रार करू नये. शब्द चुकला तरी दर्जा अचूक कळतो. जर्मनचे पातेले म्हणजे पोचे आलेले, बुडाशी काळे, अंघोळीचे पाणी तापवायचे. त्यात आमटी ठेवायची नाही, कढी ठेवायची नाही, लोणचे तर मुळीच नाही, असा आजीचा दंडक होता. का, असे विचारले तर “कळकतं” एवढेच उत्तर मिळे.

या पातेल्याविषयीची माझी आढ्यता २०२३ सालच्या जून महिन्यात उतरली, तीही सातासमुद्रापलीकडे. माझा भाचा अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टला नोकरीला आहे. सुट्टीत त्याच्याकडे गेले होते. मिसिसिपी नदीच्या काठचे हे गाव. गावाबाहेर पडले की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि मधून छातीवर भांग पाडल्यासारखा सरळ जाणारा हमरस्ता, आंतरराज्य मार्ग क्रमांक ८०. पाहण्यासारखे काय आहे, असे विचारल्यावर भाचा जरा ओशाळून म्हणाला, “मावशी, इथे देऊळ नाही, किल्ला नाही. ट्रक-थांबा आहे. चालेल?”

चालेल म्हटले. वॉलकॉट या खेड्याजवळचा हा थांबा १९६४ साली सुरू झाला आणि ‘जगातला सर्वांत मोठा’ असे त्याने आपल्या पाटीवर स्वतःच लिहून ठेवले आहे. खाणावळ, न्हाव्याचे दुकान, दाताचा डॉक्टर, जुन्या ट्रकांचे संग्रहालय असे सगळे तिथे आहे. पण मी थबकले ती सुट्या भागांच्या दुकानात. आपल्या तुळशीबागेत चैत्रगौरीच्या दिवसांत जसा लखलखाट असतो तसा तिथे बारमाही होता. मात्र भांड्यांच्या जागी क्रोमचे बंपर, माणसाहून उंच धुराडी, नटांवर बसवायच्या टोप्या, पिवळसर दिव्यांच्या रांगा. आपला ट्रकवाला गाडीवर मोर काढतो, ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहितो, लिंबू-मिरची बांधतो. इथला ट्रकवाला अक्षर लिहीत नाही. तो सगळे मनोगत धातूच्या चकाकीत मांडतो. दरवर्षी जुलैत या थांब्यावर ट्रकवाल्यांची जत्रा भरते, १९७९ पासून भरते आहे, आणि तीत ट्रकांची सौंदर्यस्पर्धा असते. ट्रकांची! मी हसले. भाचा म्हणाला, “हसू नकोस. आमच्या शेजारच्या काकांना त्यात उतरायचंय.”

हे शेजारी साठीचे. भाचा त्यांचा उल्लेख माझ्यापाशी ‘ट्रकवाले काका’ असा करी आणि त्यांच्या पत्नीचा ‘काकू’. त्या दोघांना अर्थात याचा पत्ता नव्हता. काकांचा स्वतःचा एक ट्रक होता, २००५ सालचा पीटरबिल्ट ३७९. या जातीचे ट्रक १९८७ ते २००७ एवढीच वर्षे निघाले. नाक लांब, सरळ, चौकोनी. वाऱ्याला डोके देणारे हे नाक डिझेल जास्त पिते हे सर्वांना ठाऊक आहे. केनवर्थ कंपनीने १९८५ सालीच उतरत्या नाकाचा, तेल वाचवणारा ट्रक काढला, तर ड्रायव्हर लोकांनी त्याचे नाव ‘मुंगीखाऊ’ ठेवले. काकांनाही मुंगीखाऊ नको होता. शहाणपणाचे ऐकून सौंदर्य कोणी सोडले आहे?

पण काकांचा ट्रक प्रदर्शनातला नव्हता. तो पोट भरणारा होता. शेतकऱ्यांच्या कणग्यांतला मका भरायचा आणि नदीकाठच्या धान्यकोठारांत नेऊन ओतायचा, ही त्याची रोजची चाकरी. पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ. मिठाने ॲल्युमिनियमला देवीचे व्रण पडावेत तशा खळ्या पडतात. रविवारी लखलखीत केलेले चाक बुधवारी राखाडी झालेले असते. तरी काका पुढल्या रविवारी फडके घेऊन बसलेलेच.

काकूंना हे पसंत नव्हते. घरचा जमाखर्च त्या लिहीत. स्वयंपाकघरातल्या शीतकपाटावर काकांनी लावलेली एक यादी होती: पुढचा खोल क्रोमचा बंपर, काचेवरची झडप, जास्तीचे दिवे. शेजारीच काकूंची यादी: ट्रेलरचे ब्रेक, टायर, विमा. “चाकांत तोंड दिसतं म्हणून तोंडात घास पडत नाही,” अशा अर्थाचे काहीतरी त्या मला म्हणाल्या. मी मनातल्या मनात त्यांचे मराठी करून घेतले आणि मला त्या एकदम नात्यातल्या वाटल्या.

ॲल्युमिनियमच्या चाकांपुढे मात्र काकूंचे काही चालले नव्हते, कारण तिथे काकांकडे हिशेब होता. ट्रक आणि ट्रेलर मिळून चाके अठरा. पोलादी चाकापेक्षा ॲल्युमिनियमचे चाक सुमारे पंचवीस पौंडांनी हलके. अठरांचे झाले साडेचारशे पौंड, म्हणजे आपले दोन क्विंटल. भरलेल्या गाडीचे एकूण वजन हमरस्त्यावर ८०,००० पौंडांच्या वर जाता कामा नये, असा तिथला कायदा आहे. तेव्हा गाडी जेवढी हलकी तेवढा मका जास्त. मक्याचा एक बुशेल ५६ पौंडांचा, म्हणजे खेपेमागे आठ बुशेल अधिक. अल्कोआ कंपनीने घडीव ॲल्युमिनियमचे ट्रकचे चाक १९४८ साली काढले ते काही शोभेसाठी नव्हे, या वजनाच्या गणितासाठी. शोभा मागाहून चिकटली. दागिना आधी गहाण टाकण्याच्या सोयीचा असतो आणि मग सुंदर दिसतो, तसलाच प्रकार.

मी गेले त्या आठवड्यात काकांच्या घरावर शोककळा होती. गाडी धुण्याच्या एका ठिकाणी त्यांच्या चाकांवर कोणी पोऱ्याने तीव्र आम्लाचे पाणी मारले होते आणि ते वाळू दिले होते. दहाही दर्शनी चाके चुन्याने सारवल्यासारखी पांढुरकी झाली होती. (अठरातली आठ आतल्या बाजूला असतात, ती कोणी पाहत नाही आणि पुसतही नाही.) मी सांत्वनाच्या सुरात म्हणाले, “आमच्याकडे आम्ही चिंच लावतो.” भाच्याने भाषांतर केले. चिंच म्हणजे आंबट, आंबट म्हणजे आम्ल, एवढे कळताच काका असे दचकले की मी हातात चिंच घेऊनच उभी आहे!

मग त्यांनी मला समजावून सांगितले, आणि आजीच्या ‘कळकतं’ या शब्दाचा अर्थ मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मक्याच्या शेताच्या बांधावर कळला. ॲल्युमिनियम उघडे पडले की हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर तत्काळ एक पापुद्रा धरतो. जाडी मिलिमीटरचे काही दशलक्षांश. डोळ्यांना दिसत नाही, पण तोच त्याचे चिलखत. म्हणून हा धातू मंदावतो, पण लोखंडासारखा गंजून आरपार जात नाही. तीव्र आम्ल किंवा तीव्र क्षार या चिलखतालाच खातो आणि मग धातूला चावतो. धुण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. ते तर कातडीतून आत शिरून हाडातल्या चुन्यापर्यंत पोचते. त्या पोऱ्याने हातमोजे घातले होते की नाही, हे मी काकांना विचारले. त्यांनी पाहिले नव्हते. चाकांच्या दुःखात ते त्यांच्या ध्यानात आले नव्हते, आणि विचारल्यावर त्यांना वाईट वाटले हे मला दिसले.

शनिवारी सकाळी काम सुरू झाले. मीही गेले. पाहुणी म्हणून खुर्ची मिळाली होती, पण घासण्याचे काम चालले असता बसून पाहणे मला जमत नाही.

आधी साधा साबण आणि पाणी, तेही चाक सावलीत गार झाल्यावर. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. आकडा जितका मोठा तितका कागद बारीक: चारशे, सहाशे, आठशे, हजार. गंमत अशी की या कामात चाक आधी जास्त कुरूप होते. चारशेच्या कागदाने सगळीकडे ओरखडे उठतात. पुढचा प्रत्येक कागद आधीच्याचे ओरखडे पुसतो आणि आपले, त्याहून बारीक, मागे ठेवतो. घाई करून मधला कागद गाळला तर शेवटच्या झिलईत तो ओरखडा वर येतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्याशी याचे इतके साम्य होते की मला घरच्यासारखे वाटू लागले.

मग यंत्र. त्यावर कापडाच्या घड्यांचे चाक बसवायचे आणि फिरत्या कापडाला वडी लावायची. आधी तपकिरी, मग हिरवी, शेवटी पांढरी. वड्यांचे रंग करणाऱ्यागणिक बदलतात, पण क्रम एकच, खरखरीतकडून मऊकडे. कापडाच्या फिरण्याविरुद्ध यंत्र सरकवले की ते धातू कापते, फिरण्याच्या दिशेने सरकवले की झिलई आणते. चाकाला हात घालण्याजोगी गोल भोके असतात. त्यांच्या धारेत कापड अडकले तर यंत्र हातातून उसळते, म्हणून काकांनी ते मला दिले नाही. ती धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला पट्टी, डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे. दुपारपर्यंत काका पट्टीच्या वर कोळशाच्या वखारीतल्या माणसासारखे काळे झाले. चाकावरही काळे, चिकट, डांबरासारखे पटल. मला वाटले, बिघडले सगळे.

तेव्हा काकू आतून डबा घेऊन आल्या. डब्यात मैदा! नाराजी आपल्या जागी, पण मैदा वेळेवर. ट्रक घासणाऱ्यांत ही जुनी युक्ती आहे. वडीतले तेलकट काळे पुसायला कोरडे पीठ लागते, ते तेल शोषून घेते आणि धातूला ओरखडा पाडत नाही. मूठभर मैदा टाकून मऊ फडक्याने गोल फिरवले, आणि खालून जे निघाले त्यात मला माझे तोंड, मागचा मका आणि वरचा ढग असे तिन्ही दिसले. समईला मी तीस वर्षे घासते आहे. तिने मला असे उत्तर कधी दिले नाही. माझ्या तोंडून “अगं बाई!” निघाले, आणि काकांनी त्याचे भाषांतर मागितले नाही.

मैद्याचे काम मग माझ्याकडेच आले. शनिवारी चार चाके झाली. रविवारी सकाळी काका पुढच्या चाकाला लागले आणि मी त्यांच्यामागून, त्यांनी काळे करून ठेवलेले मागल्या धुरीचे डाव्या बाजूचे चाक पुसायला घेतले. सगळे उजळले. एक रेघ राहिली. एका गोल भोक्याच्या कडेपासून नटाच्या दिशेने गेलेली, केसाएवढी, बोटभर लांब. पुन्हा मैदा घातला. पुन्हा पुसले. गेली नाही. मी फडक्यात नख धरून घासले. माझ्या हातून भांड्यावर डाग राहिला असे आजवर झालेले नाही, आणि परक्या गावी तर मी ते होऊच देणार नव्हते. चौथ्यांदा मैदा घातला तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, पुरे. चाक आहे ते.” मी म्हणाले, “एक डाग जात नाहीये. काकांना विचार, वर काय लावू?”

काका हसत आले. वाकले. अंगठ्याचे नख रेघेवरून आडवे फिरवले. एकदा, मग परत एकदा. हसणे थांबले. त्यांनी यंत्राची वायर ओढून काढली, खिशातून खडू काढला आणि त्या रेघेभोवती सावकाश एक गोल काढला.

तो डाग नव्हताच. चाकाला तडा गेला होता. वडीतले काळे त्या भेगेत शिरून बसले होते, म्हणून ते पुसले जात नव्हते. पांढुरक्या, न घासलेल्या चाकावर ती भेग कोणाला दिसली नसती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, याच चाकावर ८०,००० पौंडांतला आपला वाटा घेऊन गाडी हमरस्त्याला लागणार होती. भोवती शाळेच्या बशी, मोटारी, आणि त्यांतच कदाचित कामावर निघालेला माझा भाचा. तडा गेलेले चाक चालवायचे नसते. जोडता येत नाही, वितळवून सांधता येत नाही. काका चाकाशेजारी जमिनीवरच बसले. काकू आल्या, खडूचा गोल पाहिला, आणि काही न बोलता त्यांच्या टोपीवरचा मैदा झटकू लागल्या. यादीचे नाव त्या दिवशी कोणीच काढले नाही.

दुपारी टायरवाल्याची व्हॅन आली. नवे चाक तिच्यात नव्हते, एक पोलादी होते. मग असे ठरले की जोडीतले आतले ॲल्युमिनियमचे चाक बाहेर घ्यायचे आणि पोलादी आत घालायचे. बाहेर आलेले चाक वर्षानुवर्षे अंधारात राहिलेले, मातकट, विटलेले. त्यालाही खडू घेऊन दोघांनी इंच इंच तपासले. दहा नट ठरलेल्या क्रमाने, समोरासमोर, चारशे पन्नास ते पाचशे फूट-पौंडांच्या जोराने आवळले. पन्नास ते शंभर मैल गेल्यावर थांबून पुन्हा आवळून पाहायचे, अशी चिठ्ठी काकूंनी गाडीच्या चक्राला चिकटवली. “पंचवीस पौंड वाढले,” काका म्हणाले. “अर्ध्या बुशेलाच्या आत,” काकूंनी हिशेब पुरा केला.

सोमवारी पहाटे आम्ही खिडकीतून पाहिले. नऊ चाके झळाळत होती आणि दहावे आमच्या मोरीच्या कडेच्या पातेल्यासारखे. तडा गेलेले चाक गॅरेजच्या भिंतीला टेकवलेले होते. सगळ्यांत सुंदर घासलेले तेच. त्यात मका हलताना दिसत होता, आणि मधोमध खडूचा गोल.

जुलैतल्या जत्रेला काका गेले, पण पायी, इतरांचे ट्रक पाहायला. बंपरसाठी साठवलेले पैसे चाके काढून तपासण्यात गेले. आतली सातही तपासली, धड निघाली. त्या वर्षीच्या दसऱ्याला भाच्याने मला फोटो पाठवला. आपल्या मोटारीला झेंडूची माळ घालताना शेजारच्या ट्रकलाही त्याने एक घातली होती आणि काका तिच्याखाली अवघडून उभे होते. बंपर जुनाच. दहावे चाक मात्र आता बाकीच्यांच्या बरोबरीने चमकत होते. मी तो फोटो फोनवर बोटांनी मोठा करून, चष्मा पुसून, भोकाभोकाशी नीट पाहिला, काळी रेघ कुठे दिसते का ते.